मस्करीची कुस्करी

कामाच्या ठिकाणी दिवसभरात जे हसू ऐकू येतं, त्यातलं बरंचसं कुठल्याही विनोदावर आलेलं नसतं. 'चला, निघते मी', 'बघू या मग', 'हो, आलं लक्षात' अशा साध्या वाक्यांच्या शेपटाला ते चिकटलेलं असतं. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी संशोधकाने लोकांच्या रोजच्या गप्पांमधले हसण्याचे सुमारे १,२०० प्रसंग टिपून घेतले आणि १९९३ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्याला विनोद म्हणता येईल असं काही हसण्याच्या आधी बोललं गेलं होतं, असे प्रसंग २० टक्क्यांपेक्षाही कमी निघाले. ऐकणाऱ्यापेक्षा बोलणारा सुमारे ४६ टक्के जास्त हसत होता. त्याच्याच दुसऱ्या एका अभ्यासात माणूस एकटा असताना जितका हसतो त्याच्या ३० पट सोबतीत हसतो, असं आढळलं.

कामाच्या जागेचा विनोद समजून घ्यायचा तर इथून सुरुवात करावी, असं मला वाटतं. हसणं हा आधी माणसामाणसांतला इशारा आहे; विनोदाला दिलेली दाद ही त्याची फार पुढची गोष्ट. सोबत बसून आठ-नऊ तास काढणारी माणसं एकमेकांना सतत सांगत असतात, 'माझ्याकडून तुला धोका नाही', 'मी रागाने बोललो नाही', 'तुझ्या बाजूला आहे मी'. हे उघड बोलायला अवघड जातं, म्हणून ते हसून सांगितलं जातं. 'विनोद किती भारी होता' हा प्रश्न म्हणूनच दुय्यम ठरतो. कोण हसलं, कोणाकडे बघून हसलं आणि न हसण्याची मोकळीक कोणाकोणाला होती, हे आधी बघायला हवं. कामावरच्या विनोदाचं सगळं बरंवाईट मला तरी या तिसऱ्या प्रश्नापाशी येऊन ठरताना दिसतं.

विनोद येतो कुठून, याची कारणं बरीच आहेत, पण सगळ्यात जुनं आणि सगळ्यात कमी लेखलेलं कारण म्हणजे कंटाळा. डोनाल्ड रॉय या समाजशास्त्रज्ञाने एका कारखान्यात साचा ठोकून तुकडे कापायच्या यंत्रावर स्वतः काम केलं आणि १९५९-६० मध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. आठवड्याचे सहा दिवस, रोज जवळजवळ बारा तास, एकच हालचाल. खोलीत मोजकी माणसं. सुरुवातीला त्याला त्यांच्या गमती पोरकट वाटल्या. रोज सकाळी एक कामगार दुसऱ्याच्या डब्यातलं केळं चोरायचा, 'केळ्याची वेळ झाली' म्हणून ओरडायचा आणि खाऊन टाकायचा. ज्याचं केळं तो रोज निषेध करायचा. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा केळं घेऊन यायचा, जे त्याला कधीच खायला मिळत नसे. त्यानंतर खिडकीची वेळ: तोच खोडकर माणूस खिडकी उघडून त्याच्या अंगावर गार वारा सोडायचा. शिवाय पीच फळाची वेळ, माशाची वेळ. अशा खुणांनी बारा तासांचा तो सपाट दिवस तुकड्यातुकड्यांत विभागला गेला होता. पुढची खूण कधी येते याची वाट बघण्यात वेळ सरकायचा. रॉयच्या ध्यानात आलं, की हे नसतं तर तो स्वतः त्या यंत्रासमोर टिकला नसता.

पण या वृत्तांताचा खरा धडा पुढे आहे. त्या खोलीतल्या एकाची मुलगी प्राध्यापकाच्या घरात दिलेली होती. तो विषय निघाला की सगळे आदराने ऐकत. एके दिवशी 'तुमचे ते प्राध्यापक केशकर्तनाच्या शाळेत शिकवताना दिसले' अशी थाप मारली गेली. थाप खुद्द रॉयनेच मारली, एका सहकाऱ्याने सुचवली म्हणून. तो माणूस गप्प झाला. गप्पा, फळं, ओरडाआरडा, सगळं बंद पडलं आणि जवळजवळ दोन आठवडे ती खोली मुकी राहिली.

केळ्याची चोरी रोज चालत होती, मग ही एक थाप का चालली नाही? चोरी वस्तूची होती. तिचे नियम ठरलेले होते, निषेध करणाऱ्याचीही त्यात ठरलेली भूमिका होती आणि केळं आणणं थांबवून तो हा खेळ कधीही बंद करू शकत होता. थाप मात्र त्या माणसाच्या प्रतिष्ठेवर पडली, तेही ज्या एकाच गोष्टीमुळे त्या खोलीत त्याचं वजन होतं तिच्यावर. तिथून बाहेर पडायला त्याच्याकडे गप्प बसण्याखेरीज वाट नव्हती.

मराठीत या उताराच्या पायऱ्या शब्दांतच कोरलेल्या आहेत. गंमत, थट्टा, मस्करी, कोपरखळी, चिमटा, टोमणा, टिंगल, टवाळी, खिल्ली, कुचेष्टा. गमतीत दोघंही असतात. कोपरखळीत कोपर लागतं, पण त्यासाठी माणूस शेजारी उभा असावा लागतो. जवळीक गृहीत आहे. टोमण्यात बोलणाऱ्याने मनातली जुनी तक्रार आणलेली असते. टिंगल करायला प्रेक्षक लागतात. कुचेष्टेत समोरच्याचं दुखणंच नेमकं हेरलेलं असतं. शालजोडीतला देणारा बोलण्यात चतुर असेल, पण ज्याला बसतो त्याला शालीची ऊब लागत नाही. एखादं वाक्य ऐकून खटकलं आणि का ते कळेना, तर या शब्दांपैकी कोणता लागू पडतो ते बघावं. बहुतेक वेळा उत्तर मिळतं.

शास्त्राच्या भाषेत हेच पीटर मॅकग्रॉ आणि केलेब वॉरन यांनी २०१० मध्ये मांडलं. काहीतरी नियम मोडला जातो, त्याच वेळी ते निरुपद्रवी वाटतं, आणि या दोन्ही जाणिवा एकत्र आल्या की हसू फुटतं. नियम मोडलाच नाही तर वाक्य सपक होतं. उपद्रव जाणवला तर हसू येतच नाही. अडचण अशी, की उपद्रव किती हे ठरवण्याचा हक्क ज्याच्यावर विनोद झाला त्याचा असतो आणि कामाच्या ठिकाणी ठरवतो मात्र करणारा.

आता अधिकाराकडे येऊ. रोझ कोझर यांनी एका मनोरुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांच्या बैठका ऐकून १९६० मध्ये लिहिलं, की तिथला विनोद उतारावरून वाहतो. वरिष्ठ डॉक्टर सर्वांत जास्त विनोद करत आणि ते बहुधा आपल्याहून खालच्या पदावरच्यांवर असत. कनिष्ठ मंडळी बैठकीत वरिष्ठांवर विनोद करत नसत. साहेबाच्या विनोदावर सगळे हसतात, यात नवल नाही. पण त्याची किंमत कोण मोजतं, हे फार कमी साहेबांच्या ध्यानात येतं.

खऱ्या हसण्यात ओठांचे कोपरे वर ओढणारा स्नायू आणि डोळ्याभोवतीचा गोल स्नायू, दोन्ही आकुंचन पावतात. पहिला हवा तेव्हा हलवता येतो, दुसरा बहुतेकांच्या ताब्यात तितकासा नसतो. फ्रेंच डॉक्टर ड्यूशेन यांनी हा फरक १८६२ मध्येच नोंदवून ठेवला. मान राखायचा म्हणून हसणारा माणूस पहिल्या स्नायूचं काम दिवसभर करत राहतो. आत वाटतं एक, बाहेर दाखवायचं दुसरं. हे श्रम पगारपत्रकात दिसत नसले तरी थकवतात. रोज दहा विनोद करणारा प्रेमळ साहेब हाताखालच्यांना संध्याकाळपर्यंत दमवू शकतो, त्याच्या मनात काडीचं वाईट नसतानाही. यावर उपाय सोपा आहे: वरिष्ठाने विनोद कमी करावेत आणि केल्यावर लोकांच्या चेहऱ्यांकडे न बघता लगेच पुढच्या मुद्द्यावर यावं. थांबून वाट बघितली की हसण्याची सक्ती होते.

वरिष्ठाच्या विनोदाचा आणखी एक परिणाम फारसा बोलला जात नाही. २०१८ मध्ये याम आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की नेत्याच्या विनोदाने लोक कामात अधिक रमतात, पण त्यातून 'इथे नियम थोडे वाकवले तरी चालतात' असाही निरोप जातो. विनोद बोचरा असेल तर हा निरोप जास्तच ठळक होतो. वेळेच्या काटेकोरपणाची खिल्ली उडवणाऱ्या प्रमुखाच्या हाताखाली उशीर वाढला तर त्याने आश्चर्य करू नये.

शिवाय तेच वाक्य सगळ्यांच्या तोंडी सारखं मोजलं जात नाही. २०१९ च्या एका प्रयोगात एकच संहिता पुरुष व्यवस्थापकाने आणि स्त्री व्यवस्थापकाने सादर केली, तेच विनोद, त्याच जागी. विनोद केल्यावर पुरुषाची पत वाढली, स्त्रीची घटली. तिच्या विनोदाकडे लोक कामातला व्यत्यय म्हणून बघत होते. 'बैठकीत जरा हलकंफुलकं बोलत जा' हा सल्ला सरसकट सगळ्यांना देणाऱ्यांनी हे आधी विचारात घ्यायला हवं.

मात्र विनोद खालून वर जातो तेव्हा तो बहुधा वेष बदललेली तक्रार असतो. व्यवस्थापनाने ज्याकडे सर्वांत जास्त लक्ष द्यायला हवं आणि सर्वांत कमी दिलं जातं, ते हेच. 'त्या यंत्राला आधी नमस्कार करा, मग कळ दाबा.' 'या प्रणालीत नोंद करायची म्हणजे सुट्टी काढून बसावं लागतं.' 'साहेबांची सही आणि पाऊस, आला तर आला.' अशी वाक्यं हसण्यावारी जातात, कारण ती हसण्यावारी जावीत अशीच रचलेली असतात. बोलणाऱ्याला तक्रारदार व्हायचं नसतं. कोणी चिडलंच तर 'अहो, गंमत केली' म्हणून मागे सरकता येतं. म्हणून एकच विनोद वेगवेगळ्या तोंडून तीनदा ऐकू आला, की तो कामाच्या यादीत लिहून घ्यावा. विनोद म्हणून नव्हे. यंत्र, प्रणाली किंवा सही म्हणून. नंतर एखाद्या जाणत्या माणसाला एकट्याला, न हसता विचारावं: 'त्या कळेचं नक्की काय होतं? किती वेळा? शेवटचं कधी?' जिथे जिवाला धोका आहे तिथे तर एकदा ऐकणंही पुरे. सैल झालेल्या संरक्षक जाळीवर सगळा विभाग हसतो, तेव्हा धोका सगळ्यांना ठाऊक असतो आणि हसून हसून त्याची सवय झालेली असते. ही सवय फार घातक असते. हसण्याने भीती कमी होते, धोका तेवढाच राहतो.

भीतीवरून आठवलं. रुग्णालयाचा तातडीचा विभाग, अग्निशमन दल, मृत्यूच्या बातम्या हाताळणारी माणसं यांच्यात काळाकुट्ट विनोद चालतो. बाहेरच्याने ऐकला तर अंगावर काटा येईल. त्यावरून ही माणसं निर्दयी आहेत असं ठरवणं चुकीचं आहे. सोबत हसल्याने वेदना सहन करण्याची ताकद वाढते, हे रॉबिन डनबर यांच्या गटाने २०११ मध्ये प्रयोगांतून दाखवलं आहे. पुढचा प्रसंग दहा मिनिटांवर उभा असताना ही ताकद लागतेच. पण या विनोदाला दोन कुंपणं हवीत. एक दाराचं: तो संघापुरता राहावा. पडद्यापलीकडे, मार्गिकेत, उद्वाहनात नातेवाईक असू शकतात. दुसरं विषयाचं: परिस्थितीवर, नशिबावर, स्वतःच्या हतबलतेवर हसावं, समोर पडलेल्या माणसावर नाही. दुसरं कुंपण ओलांडलं जाऊ लागलं, तर तो संघ थकल्याची खूण समजावी आणि पाळ्यांची वेळापत्रकं तपासावीत.

नव्या माणसाची फिरकी घेण्याच्या प्रथेविषयी मात्र माझं मत कडक आहे. डावखुऱ्यांचा हातोडा आणायला, पट्ट्यापट्ट्यांचा रंग आणायला शिकाऊ पोराला भांडारात पिटाळायचं, ही कारखान्यांतली जुनी रीत. तिचं समर्थन असं, की यातून तो 'आपल्यातला' होतो. कधी होतोही. पण दोन गोष्टी बिघडतात. सूचना खरी की थट्टेची, हे त्याला पुढचे कित्येक दिवस कळत नाही; आणि न समजलेलं विचारायची त्याला लाज वाटू लागते. जिथे चुकीची झडप उघडली तर अपघात होतो, तिथे नव्याने निःशंकपणे विचारणं हीच मोठी सुरक्षा असते. तिची किंमत देऊन एका दुपारचं हसू विकत घेऊ नये.

लिहिलेल्या विनोदाची तऱ्हा वेगळी. १९८२ च्या सप्टेंबरमध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या अंतर्गत संगणकी फलकावर उद्वाहनात पारा सांडल्याची थट्टा चालली होती. कोणीतरी ती खरी मानली. त्यावर १९ सप्टेंबरला स्कॉट फालमन यांनी सुचवलं, की थट्टेच्या मजकुरापुढे अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस टाकावा. आज प्रत्येक संदेशात दिसणाऱ्या हसऱ्या चेहऱ्याचा पूर्वज तो हाच. कामाच्या ठिकाणच्या गैरसमजातून जन्मलेला. त्यानेही प्रश्न सुटला नाही. २००५ च्या एका अभ्यासात लिहिणाऱ्यांना वाटत होतं, की आपला उपरोध ७८ टक्के वेळा ओळखला जाईल. आवाजातून तो ७३ टक्के वेळा ओळखला गेला, ई-मेलमधून मात्र ५६ टक्के, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा जेमतेम बरा. लिहिताना आपल्या कानात आपलाच सूर वाजत असतो; वाचणाऱ्याला फक्त अक्षरं मिळतात. म्हणून नकार, चूक, पैसे आणि मूल्यमापन या चार विषयांच्या संदेशात विनोद करूच नये. उपरोध तर लेखी नकोच. आणि ज्याच्याशी कधी समोरासमोर हसलेलो नाही, त्याला पहिला विनोद लिहून पाठवू नये.

दूरस्थ बैठकीत वेगळंच घडतं. हसू संसर्गाने वाढतं, आणि इथे सगळ्यांचे माइक बंद. विनोद शांततेत पडतो, बोलणारा घाबरून तोच लांबवतो किंवा समजावून सांगू लागतो. तसं न करता पुढे जावं. छोटी बैठक असेल तर पहिली पाच मिनिटं सगळ्यांचे माइक चालू ठेवले तरी बराच फरक पडतो.

बैठकीतल्या विनोदाचा कामावर परिणाम होतो का? नेले लेमान-विलेनब्रॉक आणि जोसेफ ॲलन यांनी ५४ संघांच्या बैठकांचं चित्रण करून वाक्यागणिक नोंदी केल्या आणि २०१४ मध्ये मांडल्या. विनोद, त्यावर हशा, पुन्हा विनोद अशी साखळी लागली, की तिच्या लगेच मागोमाग नव्या कल्पना, प्रश्न आणि प्रोत्साहनाची वाक्यं येत. अशा संघांची कामगिरीही चांगली होती. पण कामगिरीतला हा लाभ तिथेच दिसला जिथे नोकरीची धास्ती कमी होती. जिथे उद्या कोणाचं नाव यादीत असेल ही भीती होती, तिथे विनोद होत असूनही हा लाभ मिळाला नाही. मनोबल वाढवायला 'हास्याचा तास' ठेवणाऱ्या संस्थांनी हे दोनदा वाचावं. कपातीची टांगती तलवार तशीच ठेवून आणलेली करमणूक लोकांना अपमानासारखी लागते.

आपल्या विभागात काय चाललं आहे हे बघायचं असेल तर आठवडाभर तीन रकाने ठेवावेत: कोण बोललं, कोणावर किंवा कशावर, आधी कोण हसलं. वीस-पंचवीस नोंदी झाल्या की चित्र उभं राहतं. दुसऱ्या रकान्यात एकच नाव पाच-सहा वेळा आलं आणि पहिल्यात ते नाव कुठेच नाही, तर ती मस्करी राहिलेली नाही. तो माणूस हसत असला तरीही. पुष्कळदा तोच सर्वांत मोठ्याने हसतो, कारण न हसण्याचा दंड त्याला माहीत असतो. कागद मग फाडून टाकावा; तो कोणाला दाखवायचा पुरावा नव्हे.

आपल्याच तोंडून चुकीचं गेलं तर? 'गंमत केली हो' हे वाक्य आधी गिळावं, कारण त्याचा अर्थ 'दोष तुझ्या समजुतीचा' असा होतो. 'कोणाला वाईट वाटलं असेल तर' यातला 'तर'ही काढून टाकावा. नेमकं काय बोललो ते एका वाक्यात मान्य करावं: 'तुमच्या बोलण्याच्या ढबीवर मी बोललो, ते चुकलं.' चारचौघांत बोललो असू तर चारचौघांतच, दहा सेकंदांत, आणि लगेच कामाकडे वळावं. लांबलेल्या माफीने समोरच्यावर आपलं सांत्वन करायची पाळी येते. त्याच दिवशी एकदा एकांतातही भेटावं, क्षमेची अपेक्षा न धरता.

ज्याच्यावर बेतलं त्याच्यासाठी सगळ्यात उपयोगी पडतं ते सपाट आवाजातलं 'समजलं नाही, म्हणजे काय?' विनोद उलगडून सांगायला लागला की त्यातली कुचेष्टा आपोआप उघडी पडते. वरिष्ठासमोर हे दर वेळी जमेलच असं नाही, आणि न जमल्याचा दोष स्वतःला लावून घेऊ नये. वारंवार होत असेल तर तारीख, नेमके शब्द आणि हजर असलेल्यांची नावं लिहून ठेवावीत. 'ते नेहमी टोचून बोलतात' या तक्रारीला उत्तर मिळत नाही, तारखांना द्यावं लागतं.

सर्वांत मोकळा असतो तो तिसरा माणूस, नुसता ऐकणारा. त्याला भांडायची गरज नसते. त्याने फक्त हसू नये. आणि ज्याला चिडवण्याच्या नावाने हाक मारली गेली, त्याला पुढच्याच वाक्यात त्याच्या खऱ्या नावाने हाक मारून कामाचा एक प्रश्न विचारावा.